द्राक्षबागेचा शिवार सौदा: जोखीम कोणाची आणि पैसे कधी, हे खुड्याआधी लिहून घ्या

गोडी छाटणीपासून खुड्यापर्यंत आपण बागेतला एकेक दिवस मोजतो. छाटणीची तारीख, डिपिंग, फवारणी, मण्याची फुगवण, ब्रिक्स, सगळे वहीत असते. पण वर्षभराचा खर्च ज्या व्यवहारातून निघायचा, तो सौदा मात्र बांधावर उभ्या-उभ्या, दहा मिनिटांत, तोंडी होतो. वहीत त्याची एक ओळही नसते.

मी कृषीची पदवी घेऊन नुकताच नोकरीला लागलो होतो, तेव्हाची गोष्ट. घरच्या एक एकर थॉमसन बागेचा सौदा वडिलांनी एका बाहेरगावच्या व्यापाऱ्याशी केला. "आठ दिवसांत बाग मोकळी करून देतो" असे तो म्हणाला. पहिला खुडा झाला. पैसे "पुढच्या खुड्याला एकदमच" ठरले. मग दर उतरले आणि "उद्या गाडी येते, परवा येते" सुरू झाले. अकराव्या दिवशी पाऊस आला, मणी तडकले. व्यापारी म्हणाला, "वेलीवरचा माल तुमचाच होता, मी कुठे घेतला?" वडील म्हणाले, "सौदा झाला तेव्हाच माल तुमचा झाला." निवडून जेवढा माल निघाला तेवढा स्थानिक बाजारात मातीमोल गेला. पहिल्या खुड्याचे पैसेही पूर्ण आले नाहीत. त्या हंगामात मी जीए आणि ब्रिक्सच्या काटेकोर नोंदी ठेवल्या होत्या. "आठ दिवसांत" हे शब्द मात्र कुठेच लिहिलेले नव्हते.

त्या भांडणात दोन प्रश्न होते. सौदा आणि खुडा यांच्या मधल्या काळात नुकसान झाले तर ते कोणाचे? आणि माल बागेबाहेर जाताना पैसे कुठवर आलेले असले पाहिजेत? या लेखात या दोन प्रश्नांची उत्तरे आणि ती करारात कशी लिहायची ते पाहू.

माल व्यापाऱ्याचा कधी होतो?

वस्तूंच्या खरेदी-विक्रीला आपल्याकडे मालविक्री अधिनियम, १९३० लागू होतो. सौद्यानुसार तोडून द्यायचे उभे पीकही या कायद्यात 'माल' या व्याख्येत येते. म्हणजे वेलीवरच्या द्राक्षांचा सौदाही याच कायद्याखाली येतो.

या कायद्याचा साधा नियम असा की, वेगळे काही ठरले नसेल तर मालकी ज्याची, जोखीम त्याची. मालकी कधी बदलते हे सौद्याच्या प्रकारावर अवलंबून आहे. किलोच्या दराने सौदा झाला असेल, तर वजन झाल्याशिवाय किंमतच ठरत नाही. अशा सौद्यात साधारणपणे माल निवडून, खुडून, वजन होईपर्यंत मालकी शेतकऱ्याकडेच राहते. म्हणजे तोंडी, किलोच्या दराच्या सौद्यात वेलीवरच्या घडांवर पाऊस पडला, तर कायद्याची सुरुवातीची बाजू व्यापाऱ्याकडे झुकते. वडिलांना वाटत होते तसे ते नव्हते.

पण याच कायद्यात शेतकऱ्याच्या कामाच्या दोन गोष्टी आहेत.

- जोखीम कोणाची हे दोन्ही पक्ष आपसांत वेगळे ठरवू शकतात. तसे ठरले असेल तर ठरलेलेच लागू होते.
- माल ताब्यात घेण्यास किंवा देण्यास एखाद्या पक्षाच्या चुकीने उशीर झाला आणि तो उशीर नसता तर टळले असते असे नुकसान झाले, तर ती जोखीम उशीर करणाऱ्याची.

दुसरी गोष्ट पुन्हा वाचा. व्यापाऱ्याने ठरल्या दिवशी खुडा केला असता तर पावसाआधी माल निघाला असता, हे दाखवता आले की बाजू पालटते. ते दाखवायला ठरलेली तारीख लागते आणि ती लिहिलेली लागते. "आठ-दहा दिवसांत बघू" ही तारीख नव्हे.

खुड्याची तारीख ही शास्त्राचीही गोष्ट आहे

काही बागायतदार म्हणतात, "दोन-चार दिवसांनी काय बिघडते?" बरेच बिघडते. मणी पिकत जातो तशी त्यात साखर वाढते आणि सालीची लवचिकता कमी होते. अशा वेळी पाऊस झाला की मुळांवाटे आणि सालीवाटे पाणी मण्यात शिरते, आतला दाब वाढतो आणि साल तडकते. तडकलेल्या मण्यातून रस बाहेर येतो, त्यावर बुरशी वाढते आणि एका मण्यामुळे घड कुजायला लागतो. हाच पाऊस आधी, कच्च्या मण्यावर झाला असता तर एवढे नुकसान होत नाही. म्हणजे खुडा लांबतो तो नेमका सर्वांत नाजूक काळात लांबतो.

पाऊस आला नाही तरी उशिराची किंमत द्यावीच लागते. मणी मऊ पडतात, देठ सुकतात, मणीगळ होते, वजन घटते. वेलीवर भार जास्त दिवस राहिला की एप्रिलच्या खरड छाटणीआधी वेलीला मिळणारी विश्रांती कमी होते आणि त्याचा परिणाम पुढच्या हंगामाच्या घडनिर्मितीवर होऊ शकतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट अनेकांच्या लक्षात असेल. हंगामाच्या शेवटच्या टप्प्यात आठवडाभराचा उशीर किती महाग पडू शकतो, हे त्या वर्षाने दाखवले.

म्हणून करारात खुडा सुरू करण्याची आणि बाग मोकळी करण्याची, अशा दोन तारखा हव्यात. ब्रिक्स किती आल्यावर खुडा सुरू करायचा तेही लिहा. म्हणजे "गोडी अजून आली नाही" या सबबीला जागा राहत नाही. ब्रिक्स मोजताना दोघांनी मिळून बागेच्या चारी बाजूंचे मणी घ्यावेत आणि आकडा तिथेच लिहावा.

पैशांचा क्रम: एका खुड्यापेक्षा जास्त उधारी नको

करार कितीही चांगला असला तरी बुडालेले पैसे कोर्टातून परत मिळवायला वेळ लागतो. म्हणून करारातले पैशांचे कलम असे असावे की कोर्टात जायची वेळ आलीच, तर ती लहान रकमेसाठी यावी.

एक उदाहरण घेऊ. समजा एक एकरातून १०,००० किलो माल निघेल असा अंदाज आहे आणि दर ३५ रुपये किलो ठरला. एकूण सौदा ३,५०,००० रुपयांचा. व्यापाऱ्याने विसार (काही भागांत इसार म्हणतात) म्हणून ५०,००० रुपये दिले. खुडे तीन होतील: ४,००० किलो, ३,५०० किलो आणि २,५०० किलो.

नेहमीची पद्धत: विसार पहिल्या खुड्यात वळता करतात. पहिल्या खुड्याचे १,४०,००० रुपये होतात. त्यातून ५०,००० वजा जाऊन ९०,००० राहतात आणि ते "दुसऱ्या खुड्याला" म्हणून थांबतात. दुसरा खुडा १,२२,५०० रुपयांचा. दुसरी गाडी गेली की येणे २,१२,५०० रुपये. आता व्यापाऱ्याने फोन उचलला नाही तर हातात काहीच नाही.

सुधारलेली पद्धत:

- विसार शेवटच्या खुड्यात वळता करायचा. तोपर्यंत तो अनामत म्हणून आपल्याकडे.
- प्रत्येक खुड्याचे पैसे पुढचा खुडा सुरू होण्याआधी खात्यात जमा. पैसे नाहीत तर पुढचा खुडा नाही.
- शेवटच्या खुड्याचे पैसे गाडी भरल्यावर, गाडी निघण्याआधी.

आता पहिली गाडी गेल्यावर व्यापारी गायब झाला, तर बुडण्याचा धोका १,४०,००० मधून ५०,००० वजा जाऊन ९०,००० रुपयांचा. तोही नको असेल तर पहिला खुडा लहान ठेवा. १,५०० किलोचा पहिला खुडा ५२,५०० रुपयांचा होतो, म्हणजे विसारात जवळजवळ बसतो.

पैसे मिळेपर्यंत माल अडवून धरण्याचा हक्क विक्रेत्याला मालविक्री अधिनियमाने दिलेला आहे. थोडा माल दिला असला तरी उरलेल्या मालावर तो हक्क राहतो. मात्र तुम्हीच ठराविक मुदतीची उधारी मान्य केली असेल, तर ती मुदत संपेपर्यंत हा हक्क बजावता येत नाही. म्हणून "पैसे नंतर बघू" हे वाक्य बोलू नका.

रोख रकमेबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एकाच व्यवहारापोटी २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास आयकर कायद्यात मनाई आहे. पैसे बँकेतून घेतलेले बरे. ती नोंद हाच उत्तम पुरावा असतो.

समोर कोण आहे?

शिवार सौद्यात बहुधा तिघे असतात: शेतकरी, गावाकडचा एजंट आणि बाहेरचा व्यापारी. ओळख एजंटची असते आणि पैसे व्यापाऱ्याने द्यायचे असतात. पैसे अडकले की एजंट म्हणतो, "मी फक्त गाठ घालून दिली."

भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार एजंट आपल्या मालकाच्या वतीने सौदा करतो तेव्हा साधारणपणे तो स्वतः जबाबदार ठरत नाही. त्याने मालकाचे नाव उघड केले नसेल तर मात्र तो स्वतः जबाबदार आहे असे गृहीत धरले जाते. दोन्ही परिस्थितींत सोपा उपाय एकच: एजंटची करारावर जामीनदार म्हणून सही घ्या. वेगळे ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. सही करायला एजंट कचरत असेल, तर व्यापाऱ्यावर त्याचा स्वतःचाच किती विश्वास आहे ते तुम्हाला तिथेच कळते.

सौद्याआधी हे तपासा:

- व्यापाऱ्याचे आधार, पॅन आणि कायमचा पत्ता. छायाप्रतीवर त्याची सही व तारीख.
- बाजार समितीचा परवाना असल्यास त्याची प्रत. जुलै २०१६ पासून महाराष्ट्रात फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त आहे. त्यामुळे बांधावर खरेदी करणाऱ्याकडे परवाना असेलच असे नाही. पण याचा अर्थ असा की त्या सौद्यावर समितीची देखरेखही नाही. तुमचा कागद हीच तुमची देखरेख.
- ताज्या द्राक्षांवर जीएसटी नाही. त्यामुळे जीएसटी क्रमांक नसणे हे लगेच संशयाचे कारण नव्हे. क्रमांक दिला असेल तर तो पोर्टलवर तपासा. नाव आणि पत्ता जुळतो का ते पाहा.
- निर्यातदार म्हणवत असेल तर आयात-निर्यात कोड आणि अपेडाची नोंदणी विचारा.
- मागच्या हंगामात त्याने ज्यांचा माल घेतला अशा दोन शेतकऱ्यांशी स्वतः बोला. "पैसे मिळाले का?" एवढेच नको, "किती दिवसांनी आणि किती कापून?" हेही विचारा.
- धनादेश आणि बँक खाते करारातल्याच व्यक्तीच्या किंवा फर्मच्या नावाचे आहे ना?

करारात काय लिहावे

भाषा साधी मराठी चालते. व्यापारी परराज्यातला असेल तर त्याला वाचता येईल अशा भाषेतही एक प्रत करा. खाली नमुना कलमे दिली आहेत. आपापल्या परिस्थितीप्रमाणे बदल करा.

१. पक्ष: शेतकरी, खरेदीदार आणि जामीनदार यांची पूर्ण नावे, पत्ते, मोबाइल क्रमांक.

२. माल: गट क्रमांक, क्षेत्र, वाण, अंदाजे उत्पादन. "संपूर्ण बाग" की "निवडक माल", हे स्पष्ट लिहा. निवडक असेल तर मण्याचा किमान आकार, ब्रिक्स आणि रंग आकड्यांत लिहा, आणि उरलेला माल शेतकरी कोणालाही विकू शकेल हेही लिहा.

३. दर: "दर प्रति किलो ___ रुपये. बाजारात दर वाढले किंवा उतरले तरी या सौद्याचा दर बदलणार नाही."

४. तारखा: "खुडा दि. ___ रोजी किंवा त्याआधी सुरू होईल. बाग दि. ___ पर्यंत मोकळी केली जाईल."

५. जोखीम: "वरील तारखेपर्यंत पाऊस, गारपीट किंवा नैसर्गिक कारणाने नुकसान झाल्यास नुकसान झालेल्या मालापुरता दर दोघे मिळून नव्याने ठरवतील. न जमल्यास तेवढ्या मालापुरता सौदा संपेल आणि न वापरलेला विसार परत केला जाईल. खरेदीदाराकडून खुडा लांबल्यास त्या तारखेनंतरची जोखीम खरेदीदाराची राहील."

६. वजन: "वजन बागेतच, वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेल्या काट्यावर होईल. रिकाम्या क्रेटचे वजन आधी करून लिहिले जाईल. ठरलेल्या ___ व्यतिरिक्त कोणतीही घट, सूट, वटाव किंवा हमाली कापली जाणार नाही."

७. पैसे: वर सांगितलेला क्रम, बँक खात्याच्या तपशिलासह.

८. माल नाकारणे: "वजन होऊन गाडी बागेबाहेर गेल्यावर प्रतीच्या कारणाने दर कमी केला जाणार नाही."

९. सौदा मोडणे: "खरेदीदार ठरल्या तारखेनंतर ___ दिवसांत न आल्यास शेतकरी फोनवर व लेखी संदेशाने कळवून माल इतरत्र विकू शकेल. कमी आलेल्या दराची भरपाई विसारातून होईल."

आठव्या आणि नवव्या कलमाकडे विशेष लक्ष द्या. गाडी मुंबईला किंवा दिल्लीला पोहोचल्यावर "माल नरम निघाला, किलोमागे चार रुपये कमी" असा फोन येतो, तेव्हा माल तुमच्या हातात नसतो. आणि व्यापारी आला नाही म्हणून तुम्ही माल दुसऱ्याला दिला, तर "सौदा तुम्हीच मोडला" असे म्हणायला त्याला जागा नको.

हेही तितकेच खरे की करार दोघांना बांधतो. दर वाढले म्हणून ठरलेली बाग दुसऱ्याला देणारे शेतकरीही असतात. मग पुढच्या वर्षी चांगला व्यापारी त्या गावात विसार द्यायला कचरतो. आपण शब्द पाळला तर कागदावर बोट ठेवायचा अधिकार आपल्याला राहतो.

निर्यातीचा माल असेल तर

युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी बागेची नोंदणी अपेडाच्या ग्रेपनेट प्रणालीत होते आणि उर्वरित अंशांची, म्हणजे रेसिड्यूची, तपासणी होते. इथे आणखी तीन प्रश्न करारात सोडवा. तपासणीचा खर्च कोणाचा? अहवाल प्रतिकूल आला तर सौदा रद्द की स्थानिक बाजाराच्या दराने माल घ्यायचा? आणि अहवाल आल्यावर किती दिवसांत खुडा?

आपल्या बाजूने फवारणीची वही चोख असली पाहिजे: औषध, मात्रा, तारीख आणि काढणीपूर्व प्रतीक्षा काळ. व्यापाऱ्याच्या माणसाने सांगून एखादी फवारणी केली असेल, तर तेही वहीत लिहून त्याची सही घ्या. पुढे नमुन्यात त्याच औषधाचा अंश सापडला तर दोष कोणाचा हा वाद होत नाही.

कागद, मुद्रांक आणि मोबाइल

तोंडी करारही कायद्याने करारच असतो. अडचण येते ती तो सिद्ध करताना. अशा साध्या करारासाठी महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. लाखांच्या सौद्यात हा खर्च करावा. पण मुद्रांक मिळाला नाही म्हणून कागदच करायचा नाही, असे करू नका. साध्या कागदावरचा करार आपोआप रद्द ठरत नाही. तो न्यायालयात पुरावा म्हणून दाखल करताना कमी भरलेले मुद्रांक शुल्क व दंड भरावा लागतो, इतकेच.

साक्षीदार दोन घ्या, त्यातला एक तरी गावातला हवा. प्रत्येक खुड्याची वजनचिठ्ठी दोन प्रतींत करा आणि गाडीवरच्या माणसाची सही घ्या. गाडीचा क्रमांक आणि भरलेल्या क्रेटचा फोटो काढा. त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर हिशोब पाठवा: "आज दि. ___ रोजी ___ किलो, दर ___, एकूण ___ रुपये. जमा ___, बाकी ___." समोरून "बरोबर" असे उत्तर आले तर तो मोठा पुरावा आहे. हे संदेश पुसू नका. फोन बदलला तर जुना जपून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंदी पुरावा म्हणून देण्याची तरतूद आहे. त्यासोबत ठराविक नमुन्यातले प्रमाणपत्र द्यावे लागते, ते वकील करून देतात.

पैसे अडकलेच तर

धनादेश वटला नाही तर दिवस मोजा. पराक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खाली मुदती कडक आहेत:

- धनादेश त्यावरच्या तारखेपासून ३ महिन्यांत बँकेत भरावा.
- तो परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवावी. पोचपावती मिळेल अशा टपालाने पाठवा.
- नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत त्याने पैसे दिले नाहीत, तर त्यापुढच्या एक महिन्यात न्यायालयात तक्रार करावी.

गुन्हा शाबीत झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. धनादेश तुम्ही स्वतःच्या खात्यात भरला असेल, तर तुमची बँक शाखा ज्या न्यायालयाच्या हद्दीत आहे तिथेच तक्रार करता येते. व्यापारी परराज्यातला असला तरी तुम्हाला तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. "थांबा, पुढच्या आठवड्यात भरा" असे ऐकत ऐकत अनेकांचे ३ महिने निघून जातात. थांबायचे असेल तर नव्या तारखेचा नवा धनादेश घेऊनच थांबा.

धनादेश नसेल तर दिवाणी दावा करता येतो. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी मुदत साधारण ३ वर्षांची आहे. ती संपण्याआधी देणेकऱ्याने बाकी मान्य असल्याचे सहीनिशी लिहून दिले, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. म्हणून दर हंगामाच्या शेवटी बाकीची कबुली लिहून घ्या.

पोलिसांत तक्रार करताना एक फरक समजून घ्या. पैसे थकले म्हणजे प्रत्येक वेळी फसवणुकीचा गुन्हा होतोच असे नाही. सुरुवातीपासून बुडवण्याचा हेतू होता हे दिसावे लागते: खोटे नाव, खोटा पत्ता, बंद खात्याचा धनादेश, एकाच वेळी अनेक शेतकऱ्यांचा माल उचलून पसार होणे. नाशिक परिक्षेत्रात २०२० मध्ये पोलिसांनी शेतकऱ्यांच्या अशा तक्रारींसाठी खास मोहीम घेतली होती. अशा तक्रारीत ओळखपत्राची प्रत, वजनचिठ्ठी आणि गाडी क्रमांक असला तर तपासाला धागा मिळतो. फसलेल्या शेतकऱ्यांनी एकत्र जाऊन तक्रार दिली तर हेतूही स्पष्ट दिसतो.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि ठराविक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते. दावा दाखल होण्याआधी लोकअदालतीत तडजोडही करता येते.

विमा आहे, मग काळजी कशाला?

हवामानावर आधारित फळपीक विमा आणि करार ही दोन वेगळी संरक्षणे आहेत. विम्याची भरपाई हवामान केंद्रावर नोंदल्या गेलेल्या आकड्यांवर ठरते. व्यापाऱ्याने पैसे बुडवले, खुडा लांबवला, गाडी गेल्यावर दर कापला, यातले काहीही विम्यात येत नाही. हवामानाच्या जोखमीसाठी विमा घ्या. माणसाच्या जोखमीसाठी कागद करा.

संत्रा, डाळिंब, आंबा: उक्ता सौदा असेल तर

विदर्भात संत्र्याची आणि कोकणात आंब्याची बाग अनेकदा ठोक रकमेला, उक्ती दिली जाते. यात वजनाचा प्रश्न नसतो, त्यामुळे "जोखीम आजपासून खरेदीदाराची" असे लिहून घेणे सोपे असते. पण फळ झाडावर असताना चार-सहा महिन्यांचा काळ जातो आणि हप्ते थकतात. इथे हप्त्यांच्या तारखा फळाच्या अवस्थेशी न बांधता दिनदर्शिकेशी बांधा. तोडणी सुरू होण्याआधी रक्कम पूर्ण झाली पाहिजे. पाणी, फवारणी आणि राखण कोणाची, फांद्या मोडल्यास भरपाई कोणाची, हेही लिहा. डाळिंबात किलोचा सौदा असेल तर द्राक्षाचीच कलमे चालतात. फक्त प्रतवारीचे वजन-गट आणि तेलकट डागाच्या फळांचे काय करायचे, हे आधी ठरवा.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

आपण शेतकरी मेळाव्यात छाटणी आणि फवारणीवर बोलतो. डिसेंबरमधल्या एका बैठकीत अर्धा तास सौद्याला द्या. छापील करारनामा, वजनचिठ्ठीची वही आणि धनादेशाच्या मुदतींचा तक्ता घेऊन जा. एकटा शेतकरी कागद पुढे करतो तेव्हा व्यापारी "विश्वास नाही का?" असे विचारून त्याला गप्प करतो. गटातले किंवा शेतकरी उत्पादक कंपनीचे सगळेच सभासद तोच कागद पुढे करतात, तेव्हा ती गावाची रीत होते आणि कोणाचा अपमान होत नाही. बाकी वेळेवर देणाऱ्या व्यापाऱ्यांची यादीही गटाने ठेवावी. चांगल्या व्यापाऱ्यालाही अशा गावात यायला आवडते.

सौदा ठरण्याआधी स्वतःला पाच गोष्टी विचारा. खुड्याची तारीख लिहिली का? त्या तारखेनंतरची जोखीम कोणाची ते लिहिले का? विसार शेवटच्या खुड्यात वळता होणार का? एजंटची जामीनदार म्हणून सही झाली का? आणि आज रात्री गाडी गेली व सकाळी फोन बंद लागला, तर माझे किती पैसे अडकतील? शेवटचा आकडा तुम्हाला झोप लागू देईल एवढाच असावा. तो मोठा असेल तर गाडी भरण्याआधी थांबा. रक्कम मोठी असेल तर करार एकदा वकिलाला दाखवून घ्या.

वडिलांनी नंतरच्या हंगामापासून सौद्याची वही वेगळी ठेवली. पहिल्या पानावर त्यांनी फक्त तारखेचा रकाना आखला होता. तुमची वही तिथूनच सुरू करा.